राधेची नात

शिमगा आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाव सोडलं. दाभोळच्या बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागायचं. बाबा मला घालवायला आले होते. डोक्यावर माझी ट्रंक, हातात आमसुलांचा डबा आणि कानामागे पांढऱ्या रंगाचा वाळलेला ओघळ. तीनदा तोंड धुऊनही तो ओघळ राहून गेला होता, कारण आदल्या दिवसापर्यंत ते राधा होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे शिमग्याला काळ्या झग्यातला संकासुर घरोघर फिरतो आणि त्याच्यासोबत राधा नाचते. राधा म्हणजे बाईच्या वेषातला पुरुष. आमच्या गावची राधा वर्षानुवर्षं माझे बाबाच होते. आईचं लग्नातलं लुगडं नेसायचे, पायात चाळ बांधायचे. आई म्हणायची, "मेल्या लुगड्याला माझ्यापेक्षा त्यांचंच अंग आवडतं."

बंदरावर मासळी घेऊन बसलेल्या बायका त्यांना बघून हसल्या. एक म्हणाली, "राधाबाय लेकीला सासरी धाडतेय गो." बाबाही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण माझा नवरा शेजारी उभा होता. त्याने ऐकलं नाही असं मी धरून चालले. पडावात पाय टाकताना बाबा हळूच म्हणाले, "बाय, तिकडं माझ्या नाचाचं कुनाला काय सांगू नको. तुझी सासरची मान्सं शिकलेली हायत."

मी मान हलवली. इतकी चटकन हलवली की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "का नको सांगू?" एवढं तरी विचारायचं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तुम्ही जे गावी राहिलात, त्यांना हे वाचून राग येईल. येऊ दे. शिमग्याला राधेची ओटी भरायची, तिच्या पाया पडायचं, आणि एरवी वर्षभर त्याच माणसाला नाच्या म्हणून हाक मारायची, ही रीत तुमचीच. शाळेत मुलं मला नाच्याची पोर म्हणायची तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्यांना दटावल्याचं मला आठवत नाही. लाज मी मुंबईत विकत घेतली नाही. ती गावाहून आमसुलांच्या डब्याबरोबर आणली.

अंधेरीला रेल्वे फाटकाच्या पूर्वेला चाळीत वरच्या मजल्यावर आमची खोली होती. खोलीला लाकडी फळ्यांची जमीन. गावी पाय पडला की काही वाजत नाही, सारवलेली भुई सगळं पोटात घालते. इथे मी पाटा सरकवला तरी खालच्या गोखलेकाकू काठीने छताला ठोकायच्या. पहिल्या आठवड्यातच मी चवड्यावर चालायला शिकले. आमचे हे काचेच्या कारखान्यात होते, बाटल्या मोजून पेट्यांत भरून घ्यायचं काम. माणूस भला. बाबांबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही आणि मी कधी काही सांगितलं नाही. त्यांच्या मोठ्या भावाकडे गेले की मी सांगायची, वडील शेती करतात. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

मग कुंदा झाली. कुंदाला चालायला शिकवलं तेच मुळी "हळू गं, खाली काकू आहेत" असं म्हणत. तरी ती पोर नाचायची. पाणी भरताना नाचायची, पाढे म्हणताना नाचायची. आठ वर्षांची असताना तिला शिमग्याला गावी नेलं. बाबांचे गुडघे तोवर गेले होते, राधा दुसरंच कुणी व्हायला लागलं होतं. पण नात अंगणात घुमताना बघून म्हातारा उठला. भिंतीला हात लावून उभा राहिला आणि तिला एक पाऊल दाखवलं. आधी टाच, मग चवडा, मग जरा थांबायचं आणि मग गिरकी. "भुईला इचारून पाय टाकावा," ते तिला सांगत होते. "टाच टेकली की इचारलं. भुय हो म्हनली की मंग घुमायचं." कुंदा दिवसभर अंगणाला विचारत राहिली. मी ओटीवर बसून तांदूळ निवडत होते. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

मुंबईत परतल्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात कुंदा तेच पाऊल घालून नाचली. तिच्या पाटकरबाई पुढच्या वर्षी एक छापील कागद घेऊन चाळीत आल्या. फाटकापलीकडे एका बंगल्यात नाचाची संस्था निघाली होती, तिथे मुलींची निवड होणार होती. ह्यांनी कागद हातात घेतला. इंग्रजी सातवीपर्यंतचं. एकेक अक्षर जुळवून ते म्हणाले, "बॅलेट. म्हणजे मतदान. पण निवडणुका तर झाल्या ना आत्ताच?"

पाटकरबाई हसल्या. बॅले म्हणायचं, शेवटचा ट मुका असतो, असं त्यांनी सांगितलं. पण चाळीत बातमी पोचायची तशी पोचलीच. निवडणुकांचं साल होतं, भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा अजून ओल्या होत्या. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय, कुंदा उभी राहतेय म्हणे?" कुणी म्हणायचं, "निशाणी काय तिची? घुंगरू?" कुंदाला गंमत वाटायची. ती हात जोडून सगळ्यांना मतं मागायची. गोखलेकाकूंनीसुद्धा मत द्यायचं कबूल केलं, मात्र ठोकायची काठी काही ठेवली नाही.

बंगल्यात पहिल्या दिवशी तीसेक मुली होत्या. बहुतेक मोटारीतून आलेल्या. मी कुंदाला माझ्या पातळाचा झगा शिवला होता, निळा, कमरेला चुण्या घातलेला. संस्थेच्या बाई हातमागाची साडी नेसून सतरंजीवर बसल्या होत्या. मराठी बोलायच्या, पण असं वाटायचं की शब्द आधी कपाटातून काढून पुसून घेतात. कुंदा नाचली. बाबांचं पाऊल आलं तशा बाई ताठ झाल्या. "परत कर," म्हणाल्या. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा, या वेळी शेजारच्या बाईला बोलावून आणून. त्या बाईच्या मांडीवर वही होती, तिने काहीतरी लिहून घेतलं.

"हे कुठं शिकलीस तू?" बाईंनी विचारलं.

"माझे आजोबा..." कुंदाने सुरुवात केली आणि मी मध्येच म्हणाले, "शाळेत शिकवलंय हो. संमेलनाला."

"घरात कुणी कलावंत? नाचाची परंपरा वगैरे?"

"छे छे," मी म्हणाले. "आमच्यात नाचत नाही कुणी."

कुंदाने माझ्याकडे वर बघितलं. नऊ वर्षांची पोर, तोंड अर्धं उघडंच राहिलं तिचं. मग तिने ते मिटलं.

पहिल्या फेरीत तिचं नाव आलं. चाळीत पेढे नाहीत, पण चुरमुरे वाटले. दुसऱ्या फेरीला मोठ्या आरशासमोर मुलींना चवड्यांवर उभं केलं, एक पाय मागे, हात वर. कुंदाचा तोल गेला नाही. पण बाई डोकं हलवत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण फुटवर्क फार जड आहे. टाच आपटते. ग्रेस नाही. आणि खरं सांगू, आम्हाला घरात नाच असलेली मुलं हवीत. ज्यांच्या रक्तातच असतं."

रक्तात. हा शब्द त्यांनी माझ्या तोंडावर म्हटला आणि मी "बरं" म्हणाले. अजून सांगते, त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर कुंदाला घेतलंच असतं असं नाही. मोटारीतल्या मुलींपुढे चाळीतली मुलगी मागेच पडली असती. पण मग तिला दारातून परत आणताना मी मान वर करून आणली असती. तिने ते बघितलं असतं.

यादी बंगल्याच्या दारावर लावली होती. आम्ही दोघींनी ती दोनदा वाचली. परत येताना मी कुंदाला बर्फाचा गोळा घेऊन दिला, तो तिच्या हातात वितळून गेला. जिन्यात विचारलंच कुणीतरी, "आली का निवडून?" मी म्हणाले, "पडली." चाळीतला निवडणुकीचा शब्द, सवयीने तोंडातून गेला. कुंदाने माझा हात सोडला.

संध्याकाळी हे म्हणाले, "पडली तर पडली. पुढच्या खेपेला परत उभी करू." पोरीला हसवायला म्हणाले बिचारे. कुंदा म्हणाली, "बाबा, पडले म्हणून मला काही नाही वाटलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा नाचतात ते वाईट आहे का गं?"

मी म्हणाले, झोप आता. दुसरं काय सांगणार होते?

त्यानंतर कुंदा नाचायची थांबली. रडली नाही, रुसली नाही, थांबली. पाणी भरताना सरळ चालायची. चवड्यांवर, आवाज न करता, अगदी माझ्यासारखी. गोखलेकाकू म्हणाल्या, "शहाणी झाली हो पोर." मला त्या काकूंचा गळा धरावासा वाटला.

वर्षभराने पाटकरबाईंनी दोन पास आणून दिले. त्याच संस्थेचा कार्यक्रम, मालाडला मांडव घालून. कुंदा यायला तयार नव्हती, मीच ओढून नेली. का नेली? मला वाटलं, बघितलं की तिला समजेल, आपल्याला जमण्यासारखं नव्हतं. बघा, लाज माणसाला काय काय सुचवते.

चौथा भाग कोकणच्या शिमग्याचा होता. काळ्या झग्यात एक मुलगा आला आणि मागून बारा मुली, रेशमी काष्टे, केसांत खरी फुलं. आणि त्या बारा जणींनी बाबांचं पाऊल घातलं. टाच टेकवलीच नाही, चवडा, थांबणं, गिरकी. अंगणात भिंतीला धरून एका म्हाताऱ्याने दाखवलेलं आणि एका पोरीकडून तीनतीनदा करून घेऊन वहीत उतरवलेलं. मांडव टाळ्या वाजवत होता.

कुंदा पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, ह्या भुईला विचारत नाहीयेत."

पडदा पडल्यावर मी मागे गेले. बाई हारतुऱ्यांत उभ्या होत्या. मी म्हणाले, "तुमच्या शिमग्यातलं ते पाऊल माझ्या बाबांचं आहे. राधा नाचायचे ते. माझ्या मुलीकडून तुम्ही ते तीनदा करून घेतलंत आणि तिचे पाय जड म्हणून घालवून दिलंत."

बाई चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "लोकनृत्य आहे ते, एकट्याचं थोडंच असतं? आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, तुमच्यात कुणी नाचत नाही."

त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, मला तो जायलाही नको आहे. पण तो राग घेऊन कुठेही निघाले की वाटेत मीच आडवी उभी असते, पडावात मान हलवणारी.

कुंदा माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मालाडहून परत येताना तिने माझा हात धरला. वर्षभराने धरला.

घरी आल्यावर मी कपडेही बदलले नाहीत. म्हणाले, "दाखव मला, कसं असतं ते." ती म्हणाली, "इथे भुई कुठाय? फळ्या आहेत." मी म्हणाले, "फळ्यांना विचार." तिने परकर खोचला आणि टाच टेकवली. खोलीतली भांडी किणकिणली. चवडा, थांबणं, गिरकी. पुन्हा टाच. हे दारात उभे होते, पायांत चपला तशाच. खालून काठी वाजली, एकदा, दोनदा, मग जोरात.

मी गॅलरीत गेले. चाळ जेवायच्या आधीची, सगळे दारांत. खाली वाकून म्हणाले, "काकू, ठोका किती ठोकायचं ते. माझे बाबा गावची राधा होते. लुगडं नेसून नाचायचे. ही त्यांची नात आहे आणि ती नाचणार." जिन्यातली, नळावरची माणसं माना वर करून बघायला लागली. मागे वळले तर हे म्हणाले, "एवढंच ना? मला दाभोळच्या बंदरावरच कळलं होतं."

म्हणजे अकरा वर्षं मी लपवत होते ते एकट्या माझ्यापासूनच.

तुम्ही माझ्यासारखे जे इकडे आलात, त्यांना मुद्दाम लिहिते. निघताना तुमच्याही आईबापांपैकी कुणीतरी सांगितलं असेल, तिकडं आपलं अमुक बोलू नको. त्यांनी तुमच्या भल्यासाठी सांगितलं. तुम्ही ऐकू नका. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी आता अंधेरी सांगते, आणि कुणाची असं विचारलं की राधेची. बाबांना हे सांगायला शिमग्याला गावी जायचं ठरवलं होतं. त्याआधीच, माघात, तार आली. कुंदा त्यांच्या दिवसांना अंगणात गेली, चपला काढल्या आणि कुणालाही न विचारता भुईला विचारलं.