ब्राझीलची आजी आणि कोर्लईची भाषा

रायगडातल्या आमच्या कोर्लईतून पोर्तुगीज कधीच गेले, पण त्यांची भाषा आम्ही ठेवून घेतली आणि मराठीचं मीठ घालून मुरवली. इथे बहारीनमधल्या मुहर्रकच्या फ्लॅटमध्ये मात्र ती बोलणारा मी एकटाच. बायको मालाडची, मुलगी उत्तर देणार इंग्रजीत. माझ्याबरोबर ही भाषा घरातून जाणार, याची मला धास्ती होती.

परवा खालच्या ब्राझीलच्या शेजाऱ्याची आई आली. मुलगा दिवसभर एअरपोर्टवर कामाला, आणि पोर्तुगीजच येणाऱ्या आजीला बोलायला कोणी नाही. मी बोंबलाचं कालवण घेतलं, मुलीला सोबत ओढलं आणि दारात नाटकातल्या राजासारखा उभा राहून, गावात हाक मारतात तशी आमच्या भाषेत आरोळी ठोकली, "आई, जेवलीस का?"

"पप्पा, प्लीज! शी वोन्ट अंडरस्टँड!" मुलगी कुजबुजली.

आजी दचकली, मग डोळे पुसत हसत सुटली. माझं निम्मं तिला कळलं, तिचं त्याहून कमी मला. तरी तिने आम्हाला हाताला धरून बसवलं आणि तासभर बोलत राहिली.

वर येताना मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "पप्पा, उद्या मी एकटी जाते. तिला काय काय विचारू, ते आपल्या कोर्लईच्या भाषेत शिकव."

मी तिथेच पायरीवर बैठक मारली.