मिसिंगचं टेबल

पोलीस ठाण्यातले कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. यादी होते, सही होते, पोती भरून जातात. किश्शांना मात्र अशी मुदत नाही. बंदोबस्ताला उभं असताना, कोर्टाच्या बाकावर तारखेची वाट बघताना एकेक साचत जातो आणि रिटायर झाल्यावर कळतं, पेन्शनबरोबर हेही घरी आलंय!

आमचं ठाणं पनवेलच्या आसपासचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर साहेबांचा फोन येईल. तिथे आता नवी इमारत होतेय, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. मी सगळ्यात जुनी, म्हणून इतिहास लिहायला मला सांगितलं. दोन पानं हवी होती. आधी भातशेतीत दोन खोल्यांची चौकी, मग नवीन पनवेलचे सेक्टर आले, तळोज्याचे कारखाने आले, उरणच्या अंगाला कंटेनर आले आणि चौकीचं ठाणं झालं. इतिहास अर्ध्या पानात संपला! उरलेल्या दीड पानात मी जे लिहिलं ते वाचून साहेब म्हणाले, "ताई, हे स्मरणिकेत नको." म्हणून इथे सांगतेय.

माझी बहुतेक नोकरी मिसिंगच्या टेबलावर गेली. एका रजिस्टरमध्ये हरवलेली माणसं, दुसऱ्यात ओळख न पटलेले मृतदेह. दोन्हींचा मेळ घालणं हे आमचं काम. त्यातल्या एका माणसाचा मेळ मी चुकीचा घातला. त्याच्या घरचे कुठेतरी वाट बघत होते, आणि ते घर मी अठरा वर्षं शोधत होते.

* * *

टेबलावरचे माझे गुरू भोईर हवालदार. आगरी माणूस, बोलणं कमी, तंबाखू जास्त. त्यांनी ठाण्यात एक रीत पाडली होती. मृतदेहाला अग्नी द्यायच्या आधी ठाण्याच्या माणसाने खाली वाकायचं आणि त्याच्या कानात त्याचं पूर्ण नाव सांगायचं. मग म्हणायचं, "तुझ्या घरी कळवलंय. आता जा." ज्याचं नावच माहीत नाही, त्याला नुसतं "भावा" म्हणायचं.

नवीन असताना मी हसले होते. एवढे पंचनामे, एवढे फॉर्म, वर हे कशाला, असं विचारलं. भोईर म्हणाले, "फॉर्म आपल्यासाठी हाय बाय. त्याला कोन सांगनार?"

त्या दिवसापासून मीही वाकायला लागले.

* * *

आता माझी चूक. खाडीत एक मृतदेह मिळाला. पाण्यात राहून चेहरा गेलेला. पंचनामा मी लिहिला. पुरुष, वय अंदाजे चाळीस, चौकड्याचा शर्ट, डाव्या हाताची करंगळी अर्धी. त्याच आठवड्यात तळोज्याच्या एका बाईने नवरा हरवल्याची नोंद केली होती. तो फॉर्मही मीच भरला होता. गजानन बाबू शेलार, वय चाळीस, चौकड्याचा शर्ट, अंगावर विशेष खूण नाही.

बाईला बोलावलं. शर्टाचं एक बटण लाल दोऱ्याने लावलेलं होतं. ते बघून ती म्हणाली, "हे मी लावलंय," आणि खाली कोसळली. पुढे तिला काही दाखवायचं कोणाला सुचलं नाही. एका कागदावर अर्धी करंगळी, दुसऱ्यावर खूण नाही, आणि दोन्ही कागद माझ्याच हस्ताक्षरात! भोईरांचा पाय मुरगळलेला, म्हणून स्मशानात मी वाकले. कानात सांगितलं, "गजानन बाबू शेलार, तुझ्या घरी कळवलंय. आता जा."

चौदाव्या दिवशी गजानन शेलार ठाण्यात हजर! घरी भांडण झालं म्हणून रत्नागिरीकडे बोटीवर कामाला गेला होता. शर्ट निघायच्या आधी इकडच्याच बंदरावर वाळत घातलेला कोणी नेला, म्हणाला. घरी गेला तर त्याच्याच फोटोला हार. बायको त्याला दारात घेईना, शेजारी काठी घेऊन आले, म्हणून तो आमच्याकडे आला होता, जिवंत असल्याचा दाखला मागायला.

आम्ही हसलो. पोलीस हसतात, काय करणार. तो हसला नाही. त्याने मला विचारलं, "मॅडम, मग माझ्या नावाने जळला तो कोण?"

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून करंगळीचं वर्णन आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांना पाठवायला लागले. दर सहा महिन्यांनी तोच मजकूर. पलीकडचे जुनं रजिस्टर न उघडताच कंटाळून म्हणायचे, ताई, सोडा आता. मी सोडलं नाही.

* * *

शोध चालू असताना बाकीची माणसं हरवायची थोडीच थांबतात! नवीन पनवेलमधून एक आजी हरवल्या. दोन दिवसांनी शेजारच्या सेक्टरमध्ये सापडल्या. तिथल्या इमारती सगळ्या सारख्या, मजले सारखे, दारं सारखी. आजी दुसऱ्याच घरात शिरल्या होत्या, आणि किल्लीही लागली होती. घरचे लोक गावाला गेलेले. परत आले तर आजी चहा घेत बसलेल्या. उलट त्यांनाच विचारलं, "कोण हवंय?"

आम्ही माफी मागून आजींना उठवलं. निघताना त्या घरचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, तक्रार नाही, फक्त एक विचारायचंय. ओट्यावर पितळी खलबत्ता होता, त्याकडे त्याने बोट दाखवलं.

"हा आमच्या आईचा. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही घर पालथं घातलं, सापडला नाही. यांना कुठे मिळाला?"

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "जिथे ठेवला होता तिथेच."

* * *

तळोज्यातल्या एका कारखान्यातला कामगार हरवला. चौकशीला गेलो तर टाइमकीपर म्हणतो, हरवला कसा, हजेरी लागतेय की! मशीनवर अंगठा लावायची हजेरी. रोज सकाळी सातला त्याच्या नावापुढे हजर. कॅमेऱ्यात बघितलं तर सातला मशीनसमोर कोणी नाही.

मशीन बिघडली असेल म्हणून कंपनीने ती बदलली. नव्या मशीनवरही सातला हजर. आठवडी सुट्टीच्या दिवशी मात्र हजेरी नाही. भोईर म्हणाले, "मानूस शिस्तीचा हाय."

नवव्या दिवशी तो सापडला. हायवेवर ट्रकने उडवलेला, लांबच्या हॉस्पिटलमध्ये, खिशात कागद नाही, बेशुद्ध. बायको बिचारी त्याचे पाय धरून रडली. नर्स आम्हाला म्हणाली, तुमचा पेशंट वाचेल बहुतेक. हात-पाय हलत नाहीत, पण रोज सकाळी सातला उजवा अंगठा तेवढा दाबतो.

* * *

रफीकभाई आमचे ड्रायव्हर. उरणच्या मोरा बंदराकडचे कोकणी मुसलमान, दोन भाऊ गल्फमध्ये, हे मात्र पोलीस जीपवर खूश. खाडीवरून मृतदेह रुग्णवाहिकेत रवाना झाला की जीप लगेच काढायचे नाहीत. मागचं दार उघडून एक मिनिट थांबायचे. कोणी सोबत येऊन बसलं असेल तर उतरू दे, म्हणायचे.

एकदा नवीन आलेले पीएसआय बरोबर होते. घाई फार. म्हणाले, दार लावा आणि चला. रफीकभाईंनी दार लावलं. गाडी नवी होती, सीटवर माणूस बसला आणि पट्टा नसेल तर पीं-पीं वाजायची. साहेब आणि मी मागे बसलेलो. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी, आणि गाडी वाजायला लागली. शंभर पावलं गेलो तरी थांबेना. सीटवर काही ठेवलेलं नव्हतं, साहेबांनी हात फिरवून बघितलं.

रफीकभाईंनी गाडी बाजूला घेतली, रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला. आवाज बंद. साहेबांकडे वळून अदबीने म्हणाले, "सवारी आहे साहेब. अब चलेगी."

साहेब उतरले आणि रिक्षाने ठाण्यात आले!

* * *

माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा. भोईर तोवर वारले होते. दुपारी मी जेवणाचा डबा बंद करत होते, तेवढ्यात जासईकडची एक म्हातारी बाई आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली पावती. नवरा हरवल्याची, दुसऱ्या ठाण्याची, अठरा वर्षांपूर्वीची. मी वर्णन वाचलं. वय चाळीस. डाव्या हाताची करंगळी अर्धी.

एवढी वर्षं शोधलेलं घर आपल्या पायांनी आलं होतं. हिचा नवरा कधीच गेला आणि मी त्याला दुसऱ्याच्या नावाने जाळलं, हे आता मला हिला सांगायचं होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं. शब्द जुळवत होते.

ती म्हणाली, "बाई, ही तकरार मागं घेयाची हाय. परवा तो आला."

खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे तो हा नव्हे. माझा हिशोब तसाच बाकी राहिला, पण निदान हिचा माणूस जिवंत होता. मी म्हटलं, चांगलं झालं मावशी, सही करा.

ती सही करेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आलाय तो त्योच हाय. हात त्योच, चाल तीच. म्हातारा झाला नाय, तेवढाच. पन सोताचा नाव येगलाच सांगतो. गजानन बाबू शेलार म्हनतो. आमच्याकडं या नावाचा कुनी नाय. ठाना बी त्यानंच ह्यो दाखवला, म्हून तुमच्याकडं घेऊन आले. भायेर बसलाय."

मी उठले. व्हरांड्यात ऊन होतं. बाकावर चाळिशीचा एक माणूस शांत बसला होता, हात मांडीवर, डाव्या हाताची करंगळी अर्धी. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, हे नाव तुम्हाला कोणी दिलं?

त्याने वर बघितलं. ओळखीचं माणूस भेटल्यावर बघतात तसं.

"तुमीच तं माज्या कानात सांगितलाव, बाई."