पाद्र्यांच्या भिंतीवरचा कागद

आज पत्रकांसाठी खळ शिजतेय. तिच्या आंबूस वासानं दुबलगुंडी गावाच्या वाटेवरचं, पाद्री घडवणारं ते लाल दगडी विद्यालय आठवलं. सतराव्या वर्षी मी त्याच्या भिंतीवर ‘परक्यांची इमारत उखडा’ असं पत्रक चिकटवत होतो. गवंडी मल्लप्पांची विधवा यल्लक्का मागून आली आणि तिनं ओला कागद नखांनी खरवडून काढला.

“साहेबाला शिव्या घाल की. भिंतीला कामून घाण करायलास?”

“इमारत साहेबाचीच न्हाई व्हय?” मी भडकलो.

“साहेब छत्री धरून हुबा व्हता. कमानी आमच्या मालकानं बांधल्या, चुना म्या मळला. मालकाचं एवढंच ऱ्हायलंय बग.”

तिनं पदरानं डाग पुसला. कमानीतलं कोवळं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. मला ती गुलाम मनाची म्हातारी वाटली. खरं तर पाटीवरचं परकं नाव वाचून आपल्या माणसांचे हात मीच विसरलो होतो.

आता दगडांसाठी ती इमारत पाडायचं घाटतंय. पाडून दाखवाच! गावोगावच्या भिंतींवर ती वाचवायची माझी पत्रकं लागतील. विद्यालयापाशी लावायचं तेवढं मी फाटकाजवळच्या लिंबाला सुतळीनं बांधणार आहे.