कोणी मोजलंच नाही

"बघ अन्वी, दूध नाही प्यायलीस तर अशी राहशील."

मॅडमनी माझ्या पोरीला, समीक्षाला, खांद्याला धरून हॉलमध्ये उभं केलं होतं. त्यांच्या अन्वीच्या पाठीला पाठ लावून. दोघी आठ वर्षांच्या. समीक्षाचं डोकं अन्वीच्या खांद्याशी. सोफ्यावर पाहुणे बसलेले. कोणीतरी म्हणालं, "किती क्यूट! बाहुली आहे अगदी." सगळे हसले. अन्वीनं घाबरून ग्लास रिकामा केला.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मीही हसले.

ते हसणं मी अजून विसरले नाही.

नागपूरच्या धरमपेठेतलं ते घर. मी तिथं स्वयंपाक करायची. साहेब लहान मुलांचे डॉक्टर. मोठं नाव. भंडाऱ्याहून, छिंदवाड्याहून लोक लेकरं घेऊन त्यांच्याकडे येत, दोन-दोन तास बाकावर बसून राहत. आणि माझी लेक सुटीच्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात फरशीवर बसून पुस्तक वाचायची. साहेब पाणी घ्यायला आत येत. फ्रीज उघडत. ती पाय आखडून घ्यायची. ते पाणी पिऊन निघून जात.

असं तीन वर्षं.

पाच-सहा वर्षांची होईपर्यंत समीक्षा वस्तीतल्या बाकी पोरींसारखीच होती. मग थांबली. सीताबर्डीहून आणलेला एक फ्रॉक तीन दिवाळ्या तिला तसाच बसला. मी शेजारणीला कौतुकानं सांगायची, माझी पोरगी कपडे लई जपते. कौतुकानं!

मे महिन्यात सारं नागपूर कूलरपुढे पडलेलं, आणि ही स्वेटर मागायची. "आई, थंडी लागून राहिली." तोंड सुजल्यासारखं दिसायचं. केस राठ झाले होते. चार-चार दिवस संडासला व्हायचं नाही. शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. पण परीक्षेत वर्गात पहिली नाहीतर दुसरी. म्हणून वाटायचं, अभ्यासानं थकत असेल.

एकदा हिंमत करून साहेबांना विचारलं. ते नाश्ता करत होते.

"सर, पोरगी वाढून नाही राहिली."

त्यांनी दारातून आत पाहिलं. समीक्षा बसलेलीच होती. तिला उभंही केलं नाही.

"गाल तर चांगले भरलेत. तुमच्यात उंची असते कुठे कोणाची? तू स्वतः किती आहेस? डाळ-बिळ दे तिला."

तुमच्यात. त्या एका शब्दात माझी आई आली, आजी आली, अख्खी वस्ती आली. मी "हो सर" म्हटलं आणि पोळी वाढली.

मग मी डाळ द्यायला लागले. अंडी. शेंगदाणे. दारं धरून लटकायला लावलं, कोणीतरी सांगितलं म्हणून. तिला भूकच नसायची. मी कोंबायची. ती ओकायची. मी मारायची. "जेव, नाहीतर अशीच राहशील." मॅडमचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं, माझ्याच पोरीसाठी. ती गाल धरून म्हणाली, "मी मुद्दाम नाही करून राहिली वं, आई."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगते आहे.

ती नऊची झाली तेव्हा शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. तिच्या बाईंनी चिठ्ठी लिहून सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, भिवापूरकडची. बोलणं आमच्यासारखंच. तिनं समीक्षाच्या चपला काढायला लावल्या. टाचा भिंतीला टेकवल्या, हनुवटी सरळ केली. मोजलं. परत एकदा मोजलं.

"याच्या आधीची उंची कुठं लिहून आहे, ताई?"

अंगणवाडीच्या कार्डावर फक्त वजन होतं. उंची पहिलीच्या दाखल्याच्या वेळी शाळेनं लिहिली होती, तेवढीच. डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद काढला. त्यावर खालून वर चढत जाणाऱ्या रेघा. त्यात तिनं दोन ठिपके दिले आणि जोडले. बाकी सगळ्या रेघा वर जात होत्या. माझ्या पोरीची आडवी पडली होती.

"या वयात पोरं वर्षाले दोन-अडीच इंच वाढते. ही तीन वर्षांत दोन बोटं वाढली. खायाले कमी पडलं असतं तर आधी वजन उतरलं असतं. वजन ठीक आहे, उंचीच थांबली. तुमचं जेवण नाही चुकलं, ताई."

मी रडले. तिनं रडू दिलं.

रक्त तपासलं. हाताचा फोटो काढला. थायरॉईड. गळ्यातली एक ग्रंथी काम करत नव्हती. हाडं अजून पाच-सहा वर्षांच्या पोरीची. औषध काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी.

"इतके वर्ष कोण्या डॉक्टरनं पाह्यलं नाही का हिले?"

मी पोरीला जवळ ओढलं आणि उलट विचारलं,

"वाढन ना आता?"

"वाढन. पण गेलेलं सारं भरून निघन, असं मी नाही सांगू शकत."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. पोळ्या लाटत होते. बाहेरून मॅडमचा आवाज आला, "अन्वी, संपव दूध, नाहीतर समीक्षासारखी..."

मी गॅस बंद केला. बाहेर आले.

"माझ्या पोरीचं नाव घेऊ नका."

 मी सरकारी दवाखान्याची फाईल पिशवीतून काढून साहेबांपुढे टेबलावर ठेवली. त्यांनी पानं उलटली. सगळं एका मिनिटात समजलं त्यांना. डॉक्टरच ते.

"अगं, मला सांगायचं ना."

"सांगतलं होतं, सर. तुम्ही म्हटलं, तुमच्यात उंची असते कुठे."

"असं म्हणालो मी? मला आठवत नाही."

खोटं नव्हते बोलत. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"इमोशनल होऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "झालं ना निदान आता."

मी फाईल उचलली आणि पायऱ्या उतरले. परत गेले नाही. त्यांचं काही बिघडलं नाही. दुसरी बाई लागली. साहेबांकडची गर्दी तशीच आहे.

समीक्षा आता अकराची आहे. आता स्वेटर मागत नाही. वाढते आहे, पण शाळेच्या रांगेत अजून चौथीच्या पोरींएवढीच दिसते. मला विचारते, "मी तुझ्याएवढी तरी होईन ना?" मला माहीत नाही. तिला तेच सांगते. खोटं बोलत नाही.

पण आता मी दर महिन्याला आमच्या वस्तीच्या अंगणवाडीत जाऊन बसते. मोजणीच्या दिवशी. कोणी बोलावत नाही. सेविका अंदाजानं उंची लिहीत होती. आज माझ्यावर चिडली.

"तुमची पोरगी तर मोठी झाली. तुम्ही कायले येता इथं?"

शेजारच्या सुनेच्या मांडीवर दहा महिन्यांची पोट्टी होती. मी म्हटलं, "हिले पाटावर निजवा. पाय सरळ करा. टाचेपर्यंत मोजा, मग लिहा."

"तुले काय समजते यातलं?"

"मले समजते. मोजा."

सेविकेनं रागानं पेन खाली ठेवलं. मी सतरंजीवर मांडी घातली. आकडा कागदावर उतरल्याशिवाय मी इथून हलत नाही. हिचा, आणि मागं रांगेत असलेल्या प्रत्येकीचा.