आमसुलाचं सरबत

दारूबंदीची भाषणं देणाऱ्या माणसाला मी भर दुपारी, आमच्याच ओसरीवर पोटभर दारू पाजली आहे. (मी स्वतः सुपारीसुद्धा खात नाही!)

तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. ताईला पाहायला मोहाडीहून आमच्या करडीला पाहुणे येणार होते. नवरदेव तहसिलीत कारकून, आणि त्याचे वडील म्हणजे ते भाषणवाले. आधीची दोन स्थळं परत गेली होती, त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आईनं देव पाण्यात ठेवले होते.

"नुसता चहा कायले द्यायचा? शहरातल्यावानी काही तरी करा," आई म्हणाली.

ताईनं एका मासिकातून कृती काढली, आमसुलाचं सरबत. "आमसूल म्हंजे काय गा?"

आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच. आमसूल कोणाच्या बापानं पाहिलं होतं! पण 'माहीत नाही' म्हणेल तो मॅट्रिक कसला? आमचे मास्तर सांगत, शब्द अडला की मागचं-पुढचं वाचा, अर्थ आपोआप निघतो. मी वाचलं, 'काळपट, सुरकुतलेली, वाळकी आमसुले पाण्यात भिजत घाला. कुस्करून गाळा. साखर व जिरेपूड घाला.' काळपट, सुरकुतलेली, वाळकी! अशी वस्तू आमच्या घरी बैलांना चारायला मडकंभर ठेवलेली होती.

"मोहफुलं!" मी ओरडलो. "पुण्याकडं त्यायलेच आमसूल म्हणतात."

"पक्कं?"

"मॅट्रिक कोण झालं, तू का मी?"

मोहफुलं भिजली. तेवढ्यात निरोप आला, पाहुणे आज नाही, परवा येतात. ऐन वैशाखात भांडं तसंच राहिलं आणि त्यावर फेस चढला. आई म्हणाली, "वास येऊन राहिला रे!" मी पुन्हा मासिक उघडलं. 'हे सरबत अंगात तरतरी आणते.'

"तरतरी येऊन राहिली थे!" मी खुलासा केला.

परवाचा दिवस उजाडला, पाहुणे आले. नवरदेवाच्या वडिलांनी पहिला गिलास घेतला. डोळे मोठे झाले. "वा! वरून थंड, आतून गरम! आणखी द्या." चौथ्या गिलासानंतर ते उठले आणि आमच्या बैलापुढे व्यसनमुक्तीचं भाषण द्यायला लागले. बैल मान हलवत होता. मग ते त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले आणि त्यांनी आपली टोपी त्याच्या शिंगावर ठेवली!

बाबांनी गिलास उचलून हुंगला.

"अरे बापा! हे तं मोहाची दारू होय!"

आईनं कपाळावर हात मारला. नवरदेवाच्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले. ताई दारातच रडायला लागली, "झालं माह्यं लग्न!" माझे पाय लटपटत होते. (मी तर चाखलंही नव्हतं!)

नवरदेवाची आई मात्र बैलाकडे पाहत बसली होती. तिचा नवरा आता बैलाला गुदगुल्या करून खदाखदा हसत होता.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हासून राहिले हे," ती म्हणाली. "पोरगी पसंद आहे आमाले. फक्त हे गावात बोलू नोका."

लग्न झालं. नवरदेवाचा कान पिळून आहेर घ्यायचा मान नवरीच्या भावाचा. मी ऐटीत पुढे झालो. पण व्याह्यांनी आधी माझाच कान पिळला आणि हातात आहेर ठेवला, जाडजूड मराठी शब्दकोश!

मी तिथेच मांडवात 'आमसूल' काढलं. लिहिलं होतं, 'रातांब्याची वाळवलेली साल.'

आता रातांबा म्हणजे काय? म्हटलं, त्यात काय, मागचं-पुढचं वाचू!