देवाचा फोटो

चिंचेच्या कोळाचा वास आला, की आमच्या खामगावच्या घरातील पूर्वेच्या खिडकीत काढलेला तो पहिला फोटो आठवतो. चाळिशीनंतर मला जुनी नाणी वाचण्याचा नाद लागला होता. वहिनी माहेरचे एक चांदीचे नाणे देव्हाऱ्यात पूजत. ते कोणाचे, हे मला नागपूरच्या एका जाणकारांना विचारायचे होते. वहिनी म्हणाल्या, "फोटो काढा भाऊजी, पन देव घराबाहेर जाऊ देनार नाही मी." नवा कॅमेरा घेण्याचा धीर होत नव्हता, म्हणून जुन्याच डबा कॅमेऱ्याला जवळचे टिपणारे भिंग जोडले, तो तिवईला खाली तोंड करून बांधला आणि खिडकीचा उजेड तिरपा घेतला. फिल्मवर एकच फोटो उरला होता. वहिनींनी मात्र नाणे चिंचेने इतके लख्ख घासून आणले, की चकाकीत अक्षरेच दिसेनात. मी हताश झालेला पाहून त्या म्हणाल्या, "काऊन भाऊजी, देवाले बिनाकुंकवाचं बसवता काय?" आणि त्यांनी नाण्यावर कुंकवाचे बोट फिरवले. कुंकू खोलगट भागात बसले आणि उठावाची अक्षरे स्पष्ट वर आली. मी श्वास रोखून कळ दाबली. नाणे वाचता आल्याचे जाणकारांनी कळवले, तेव्हा वहिनींनी माहेराहून आणखी दोन देव मागवले. त्यांपैकी एकाचा उलगडा अजून झालेला नाही. उद्या सकाळी ऊन चांगले पडले, तर पुन्हा प्रयत्न करीन.