गुरुवारी पुसलेली गल्ली

अनुसया ओव्हाळ चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. घोटावड्याच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती हळू बोलायला लागली की आई गॅस बारीक करते आणि थोरला भाऊ विकी चपला शोधू लागतो. मारुंजीच्या ऑफिसात मात्र सगळे म्हणतात, काय शांत मुलगी आहे.

हे ऑफिस म्हणजे फरसाणाच्या दुकानावरचा मजला. दिवसभर तळणाचा वास, मोजकी माणसं आणि पाण्याच्या टँकरचं एक अ‍ॅप. माण-मारुंजीकडे इमारती भराभर वर गेल्या, पाणी काही त्यांच्या मागून वर चढलं नाही. कुठल्या सोसायटीला कुठला टँकर कुठल्या रस्त्याने जाईल हे ठरवायचं आणि ड्रायव्हरच्या फोनवर धाडायचं, एवढं या अ‍ॅपचं काम. विकी त्यातलाच एक ड्रायव्हर.

अनुसया इथे कोड लिहायला म्हणून नोकरीला लागली होती, पण तिचा निम्मा दिवस दुसऱ्यांचे गुंते सोडवण्यात जायचा. सगळ्यांचं काम सर्व्हरवर एका सामाईक जागी ठेवलेलं आणि त्याची राखण गिट नावाच्या प्रोग्रॅमकडे. कोणी काय बदललं, आधी काय होतं, सगळं ते धरून ठेवतं. तरी माणसं घोळ घालायची ती घालतातच. कोणी भलत्याच ब्रँचवर, म्हणजे कामाच्या भलत्याच फांदीवर, आठवडाभर राबतो. कोणी कोडबरोबर पासवर्डही सर्व्हरवर चढवतो. दोघांनी एकच ओळ बदलली की गिट विचारतं, यातली कुठली ठेवू? समोरचा घाबरून दोन्ही ठेवतो, नाहीतर दोन्ही उडवतो. मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ हाक, अनु, एक मिनिट येतेस?

ती जायची. हात पाठीमागे बांधून उभी राहायची, कीबोर्डला बोटही लावायची नाही. "मोठ्याने वाच," एवढंच म्हणायची. किमया नावाची नवी मुलगी पहिल्यांदा हसलीच. शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखं वाटलं तिला. पण वाचता वाचता मध्येच थांबली, कारण काय करायचं ते स्क्रीनवर चूक दाखवणाऱ्या लाल ओळींखालीच सरळ लिहिलेलं होतं. अनुसयाचा खरा राग इथे होता. समोरचा तुमच्याशी बोलतोय आणि तुम्ही त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बटण दाबता. यंत्राशी असं वागणारा माणसाशीही असाच वागतो, असं तिचं मत. आणि तिची मतं सहसा बदलत नाहीत.

मार्चमध्ये तिने गल्ल्यांचं काम हाती घेतलं. अ‍ॅपला रस्ता दिसायचा, रस्त्याची रुंदी दिसायची नाही. मारुंजीत शेतात खोल्या बांधून भाड्याने दिलेल्या. दोन ओळींच्या मध्ये जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. दर महिन्याला नवी गल्ली. ड्रायव्हर वैतागले होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी विकीच्या टँकरच्या केबिनमध्ये बसून ती गल्लोगल्ली फिरली आणि टेप लावून मोजमाप घेतलं. टेप दिसला की बायका दारात यायच्या. रस्ता रुंद होणार का, आमची खोली जाणार का, हा एकच प्रश्न.

गंगूबाईंनी तर टेपचं दुसरं टोक पायाखाली दाबून धरलं. त्यांच्या दारासमोर फरशीची पायरी होती, नवीकोरी, लाल. धुणीभांडी करून घातलेली. "पायरीवरनं कोन जाणार हाय ते आदी सांग, मग मोज," म्हणाल्या. अनुसयाने त्यांना समजावलं की हे उलट तुमच्या पायरीसाठीच आहे. मोठी गाडी या गल्लीत शिरूच नये म्हणून लिहून ठेवतेय. बाईंनी पाय उचलला, आणि वर तांब्याभर पाणीही दिलं.

बुधवारी काम पुरं झालं. तिने ते सामाईक जागी चढवलं, तिथूनच ते ड्रायव्हरच्या फोनवर जातं, आणि घरी जाऊन विकीला सांगितलं, दादा, आता बिनधास्त अ‍ॅपच्या मागे जा. सगळ्या गल्ल्या घातल्यात.

दुसऱ्या दिवशी गुरुवार.

गुरुवारी इकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालतात, पण ऑफिसातल्या राउटरचा बॅकअप कधीच मेलाय आणि मोबाईलची रेंज फक्त जिन्यात. त्यामुळे या ऑफिसात एक रीतच पडून गेली होती. गुरुवारी सकाळी जो तो, अर्धं असो, मोडकं असो, लाईट जायच्या आधी आपलं काम वर ढकलणार, म्हणजे पुश करणार. काय बदललं ते लिहायच्या जागी सगळ्यांचा एकच शब्द, 'लाईट'. सगळे एकदम ढकलायला लागले की गिट कोणाला तरी अडवणारच: थांब, तुझ्या आधी इथे दुसऱ्याचं काम आलंय, ते आधी घे. ते घ्यायला वेळ लागतो. आणि पंखा तर आता बंद पडेल की मग, अशी घाई. तेव्हा एक आडवाट होती. फोर्स. म्हणजे मागचं काही बघू नकोस, माझं आहे तेच खरं धर. ही वाट टीमलीड कौस्तुभ सरांनीच सगळ्यांना दाखवली होती. गुरुवारपुरती, असं म्हणत.

शुक्रवारी सकाळी अनुसया ऑफिसात आली तर ग्रुपवर सरांचा आदल्या दिवशीचा मेसेज होता. सगळ्यांनी सर्व्हरवरची नवी कॉपी घ्या, अडलं तर आपल्या मशीनवरचं पुसून घ्या. आपलं काम वरच आहे म्हणून तिनेही पुसून घेतलं. चहाचा कप टेबलावर ठेवतेय तोवर फोन वाजला.

"अनसे," विकी म्हणाला, "गाडी अडीकलीया. म्होरं भिंत, मागं स्कूलबस. एका म्हातारीची पायरी फुटली. लोकांनी चावी काढून घेतलीया."

"कुठली गल्ली?"

"तू टेप लावला हुता ती. मला वाटलं, अनसेनं मोजलीया, म्हंजी जात आसंल."

त्याच्या मागून बाईमाणसाचा आवाज येत होता. गाडी सोडणार न्हाई. ज्यानं धाडली त्याला हितं आणा.

अनुसयाने कोड उघडला. गल्ल्या नव्हत्या. एकही नाही. जणू ती कधी मारुंजीत फिरलीच नव्हती.

तेवढ्यात मालक ऋषिकेश सरांचा ग्रुपवर प्रश्न आला, हे कोणामुळे झालं? आणि ती काही टाइप करायच्या आत पलीकडच्या टेबलावरून कौस्तुभ सरांचं उत्तर पडलं. अनुचा बदल वेळेत आला नाही. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. किमयाने मान खाली घातली.

अनुसया उठली. सरांच्या मागे जाऊन हात पाठीला बांधून उभी राहिली.

सरांनी खुर्ची फिरवून समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. तू पुश करायला विसरली असशील, होतं असं, नवीन असताना मीही विसरायचो. आता तू तिकडे जाऊन ये, तुझीच माणसं आहेत, तुला बोलता येईल त्यांच्याशी. मी इथे ऋषिकेशना सांभाळतो.

"सर, तुमची काळी खिडकी उघडा. कालची."

लॅपटॉप त्यांनी बंद केलेला नव्हता, नुसता मिटला होता. काल सकाळी गिटला दिलेल्या हुकमांच्या आणि त्याच्या उत्तरांच्या ओळी त्या खिडकीत तशाच होत्या.

"वाचा."

"अनु, ही काय वेळ आहे का?"

"मोठ्याने वाचा."

तिचा आवाज आता इतका खाली गेला होता की तळणाच्या कढईचा चरचराट वर ऐकू येत होता. सरांनी वाचलं. पुश नाकारला आहे. सर्व्हरवर असं काम आहे जे तुमच्याजवळ नाही. आधी ते घ्या. सर थांबले.

"पुढची ओळ. ती यंत्राची नाही, तुमची आहे."

पुढच्या ओळीत फोर्स होतं. सर म्हणाले, गुरुवारी सगळेच करतात. लाईट चालली होती. आणि त्यात कुणाचं काय आहे हे मला कसं कळणार?

"तेच तर ते सांगत होतं. वाचलं असतं तर कळलं असतं."

हातात घेऊन काहीतरी आपटावं असं तिला फार वाटलं. कप होता, स्टेपलर होता, सरांचा फोनही होता. पण टँकर अजून धावत होते आणि चुकीचं अ‍ॅप प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात होतं. ती जागेवर जाऊन बसली. रागाने बोटं चुकत होती. एक अक्षर लिहावं, दोन खोडावीत. तिला स्वतःचाही राग आला. सगळ्यांना वाचा, वाचा म्हणून डोकं खाणारी ती, आणि सरांनी म्हटलं म्हणून आज न बघता पुसून बसली होती.

पण गिट कुठलंच काम असं सहजासहजी मरू देत नाही. आपल्या मशीनवर आपण कुठून कुठे उड्या मारल्या त्याचा माग ते ठेवतं. रीफ्लॉग म्हणतात त्याला. पुसलेलं काम काही दिवस तिथेच पडून असतं, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणी उरलेलं नसतं. अनुसयाने माग काढला. बुधवारची संध्याकाळ सापडली. त्या कामाला एक नवी ब्रँच दिली, तिच्या गल्ल्या जिवंत झाल्या. मग सरांचं गुरुवारचं काम आणि आपलं बुधवारचं एकत्र आणलं. दोन ठिकाणी टक्कर झाली. तिने दोन्ही वाचून दोन्ही नीट बसवलं. सरांची एकही ओळ उडवली नाही. उडवावीशी वाटली, तरी नाही. नेहमीच्या वाटेने वर चढवलं, तपासलं, ड्रायव्हरच्या फोनवर सोडलं. आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य ब्रँचवरचा फोर्स बंद करून टाकला, सगळ्यांसाठी. गुंते सोडवायला म्हणून ते हक्क तिला सरांनीच दिले होते.

"मिळालं सगळं," ती म्हणाली. "आता ग्रुपवर लिहा."

सरांनी लिहिलं. फोन वाजले. 'टीमकडून चूक झाली होती, दुरुस्त केली आहे.'

अनुसयाने ते वाचलं. मघाशी चुकीला तिचं नाव होतं. आता ती चूक अचानक सगळ्यांची झाली होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"गल्लीत. ज्यानं धाडली त्याला बोलावलंय."

सर म्हणाले, मीटिंग आहे. ती हलली नाही. किमयाने कोणी न सांगता सरांचं हेल्मेट आणून टेबलावर ठेवलं. त्या मुलीने आयुष्यात एवढं धाडस पहिल्यांदाच केलं असावं, कारण ठेवून ती थेट बाथरूममध्ये पळाली.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. स्कूलबस मागे निघून गेली होती. टँकर मधोमध फसलेला, आरसा तुटून लोंबत होता. विकी बंपरवर बसला होता. त्याने बहिणीकडे बघितलं आणि मान फिरवली. ते तिला शिव्यांपेक्षा लागलं.

गंगूबाई फुटक्या पायरीवरच बसल्या होत्या, मुठीत गाडीची चावी. त्यांनी अनुसयाला लगेच ओळखलं.

"आगं, तूच ती टेपवाली. मोठी गाडी येणार न्हाई म्हनली हुतीस. पानी पिऊन गेलीस माज्या घरचं."

"म्हणाले होते, मावशी. तसं लिहूनही ठेवलं होतं. ते पुसलं गेलं. का पुसलं गेलं, ते हे सांगतील."

आणि ती बाजूला झाली.

सरांनी हेल्मेट काढलं. घामाने केस चिकटले होते. ते सांगायला लागले की आमची एक सिस्टिम आहे, त्यात गुरुवारी लाईट जाते, त्यामुळे टीमकडून थोडी गडबड झाली, टीम त्याबद्दल दिलगीर आहे.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "टीम कुटं हाय?"

"म्हणजे आम्ही सगळे."

"सगळी कुटं आल्यात? हितं तू हायेस आन् ही हाय. हिनं केलं का?"

सरांनी अनुसयाकडे बघितलं. नेहमी बघायचे तसंच. अनु, एक मिनिट येतेस? तिने हात पाठीमागे बांधले. तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं आणि ते गिळताना तिला त्रास होत होता, हे विकीलाही दिसलं. गाडीतून पाणी ठिबकत होतं, ठिबकत राहिलं.

"नाही," सर म्हणाले. "मी केलं. ते थांब म्हणत होतं. मी वाचलं नाही."

"मग आसं म्हन की," गंगूबाई उठत म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चावी विकीकडे फेकली आणि सरांना म्हणाल्या, "उद्या गवंडी घिऊन ये. तू सोता ये. टीम नगं."

विकी केबिनमध्ये चढला. अनुसया टँकरच्या मागे गेली, दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने बघत हात हलवू लागली. येऊ दे. येऊ दे. डावीकडं घे. अजून. गाडी आल्या वाटेने वीत वीत मागे सरकत होती. सर पुढे आले, मी दुसऱ्या बाजूने बघू का, म्हणाले.

"बघा," ती म्हणाली. आवाज अजून खालीच होता.